फॉर्मसाठी स्वतःचे व्हॅलिडेशन नियम: ब्राउझरवर सोडायचे, लायब्ररी घ्यायची की हातानं लिहायचे?

पायवाट
नमस्कार मंडळी. एका कार्यशाळेच्या नोंदणीचा फॉर्म करतेय. साधी जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क नाही. नाव, ईमेल, पासवर्ड दोनदा, येण्याची आणि जाण्याची तारीख, गटात माणसं किती, आणि एक नऊ अंकी सभासद क्रमांक, ज्याचा शेवटचा अंक चेक डिजिट आहे, म्हणजे आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंक. रिक्वायर्ड, मिन, मॅक्स, पॅटर्न ही एचटीएमएलची ॲट्रिब्यूट्स लावून निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी सेटकस्टमव्हॅलिडिटी, म्हणजे चूक सांगणारा आपला संदेश फील्डवर ठेवणारी मेथड, वापरतेय. सबमिटच्या हँडलरमध्ये दोन्ही पासवर्ड ताडून बघते, जुळत नसतील तर दुसऱ्या फील्डवर "पासवर्ड जुळत नाहीत" असा संदेश ठेवते आणि तो दाखवायला रिपोर्टव्हॅलिडिटी बोलावते.

पहिल्या वेळी संदेश नीट दिसतो. पण मग पासवर्ड दुरुस्त केला तरी फॉर्म जागचा हलत नाही. हँडलरच्या पहिल्याच ओळीत कन्सोल लॉग टाकलाय, तोसुद्धा उमटत नाही.

हे असं का होतं? आणि मोठा प्रश्न असा की असे नियम मुळात ठेवायचे कुठे? प्रत्येक फील्डला वेगळा इफ लिहीत गेले तर शेवटी मलाच वाचता येणार नाही.

ता. क. इथल्या एडिटरमध्ये रोमन कोड टाकला की अर्धा गायब होतो, म्हणून सगळं देवनागरीत. सांभाळून घ्या.

मौनव्रत
रिकामी स्ट्रिंग.

कंसबंद
झालं! मौनव्रतांनी दोन शब्दांत धागा मिटवला. आता बाकीच्यांनी भांडायचं कशावर?

जुना_खांब
मौनव्रत बरोबर आहेत, पण कारण सांगायला हवं.

सेटकस्टमव्हॅलिडिटीला काहीही मजकूर दिला की ते फील्ड अवैध ठरतं आणि तसंच राहतं. वापरणाऱ्यानं मजकूर बदलला म्हणून ते आपोआप वैध होत नाही. ब्राउझरला तुमचा नियम माहीतच नाही, त्याला फक्त तुम्ही ठेवलेला संदेश दिसतो. रिकामी स्ट्रिंग देऊन तो तुम्हीच काढायचा.

आता तुमचा लॉग का उमटत नाही ते बघा. बटण दाबल्यावर ब्राउझर आधी सगळी फील्ड्स तपासतो. एक जरी अवैध असलं तरी सबमिट इव्हेंट निघतच नाही, त्या फील्डवर फक्त इनव्हॅलिड इव्हेंट येतो. तुमचा तपास बसलाय सबमिटच्या हँडलरमध्ये. म्हणजे कुलूप बाहेरून आणि किल्ली घरात.

उपाय: तपास इनपुट इव्हेंटवर हलवा, आणि दोन्ही पासवर्ड फील्ड्सवर लावा. नुसत्या दुसऱ्यावर लावला आणि माणसानं पहिला पासवर्ड सुधारला, तर दुसऱ्यावरचा संदेश तसाच चिकटून राहील.

जाता जाता दोन गोष्टी. इनव्हॅलिड इव्हेंट वर बबल होत नाही, म्हणजे बाहेरच्या एलिमेंटपर्यंत चढत नाही, फॉर्मवर ऐकायचा असेल तर कॅप्चर ट्रू द्यावं लागतं. आणि कोडमधून फॉर्म पाठवायची वेळ आली तर सबमिट मेथड वापरू नका, ती सगळं व्हॅलिडेशन ओलांडून जाते आणि सबमिट इव्हेंटही उठवत नाही. रिक्वेस्टसबमिट वापरा.

अर्धविराम
खांबसाहेब, हे सगळं खरं, पण २०२० नंतर हे हातानं कोण लिहितं? यप किंवा झॉड यातली एक व्हॅलिडेशन लायब्ररी घ्या. स्कीमा, म्हणजे सगळ्या फील्डांच्या नियमांचा आराखडा, एकदा लिहायची, नियम एका जागी, संदेश एका जागी. खास नियम असेल तर यपमध्ये टेस्ट, झॉडमध्ये रिफाइन. सर्व्हर नोडवर असेल तर तीच स्कीमा तिकडेही चालते. धागाकर्तीचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो.

जुना_खांब
आठ फील्डांच्या फॉर्मसाठी?

अर्धविराम
आज आठ आहेत. अजून थोडे दिवस जाऊ द्या.

टेस्टरीण
भांडा तुम्ही. तोवर मी काय काय टाइप करणार आहे ते सांगून ठेवते.

माणसांच्या संख्येत उणे एक, दीड, आणि रोमन ई. नंबर टाइपच्या फील्डला १ई२ मान्य असतं, कारण ती घातांकाची रीत आहे, त्याचे शंभर होतात. एकापुढे दोन उणे चिन्हं टाकली तर आणखी गंमत: स्क्रीनवर मजकूर दिसतो पण कोडमध्ये व्हॅल्यू येते रिकामी. मग तुमचा नियम म्हणतो "संख्या भरा", आणि समोरचा म्हणतो भरलीये की! अशा वेळी व्हॅलिडिटी ऑब्जेक्टमधलं बॅडइनपुट आधी बघायचं, व्हॅल्यू नंतर.

नावात नुसत्या स्पेस. रिक्वायर्डला त्या चालतात.

आणि माझं आवडतं: "अन्य" निवडल्यावरच दिसणारं फील्ड. रिक्वायर्ड लावलेलं असतं आणि सीएसएसनं लपवलेलं असतं. बटण दाबलं की काहीच होत नाही. संदेश नाही, हालचाल नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये बिचारी एक ओळ येते की अवैध कंट्रोलवर फोकस नेता येत नाही. वापरणारा कन्सोल कशाला उघडेल? फील्ड लपवताना डिसेबल करा, डिसेबल्ड फील्ड व्हॅलिडेशनमधून वगळलं जातं.

पायवाट
@जुना_खांब, इनपुटवर हलवलं आणि चाललं, आभार. टेस्टरीण, घाबरले मी.

नावासाठी पॅटर्नमध्ये रोमन ए ते झेड आणि स्पेस दिलंय. मराठीत नाव लिहिणाऱ्यांसाठी तिथे क ते ह घालू का?

वेलांटी
थांबा थांबा! क ते ह घातलंत तर "कमल" पास होईल आणि "सुनीता" नापास. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, हलन्त, अनुस्वार ही सगळी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत आणि ती क ते ह या पट्ट्यात बसत नाहीत. अ पासून औ पर्यंतचे स्वरही त्या पट्ट्याच्या आधी येतात, म्हणजे "अमर"सुद्धा बाहेर.

इएस २०१८, म्हणजे जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या आवृत्तीपासून, रेगेक्समध्ये (पॅटर्न लिहायच्या भाषेत) युनिकोड प्रॉपर्टी वापरता येते. बॅकस्लॅश, पी आणि महिरपी कंसात एल, म्हणजे कुठल्याही लिपीतलं अक्षर. बरेच लोक एवढ्यावर थांबतात आणि नावं नापास होतच राहतात, कारण मात्रा एलमध्ये येत नाही, ती एम या गटात येते. दोन्ही एकाच चौकटी कंसात घ्यायचे.

एवढ्यानंही भागत नाही. "दर्‍या" असं लिहिताना काही कीबोर्ड र आणि हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदी जोडक घालतात. तो एलमध्येही नाही आणि एममध्येही नाही. तोच अर्धा र कुणी ऱ वापरून लिहितं, आणि तो ऱ एक कोड म्हणून येऊ शकतो किंवा र अधिक नुक्ता असे दोन म्हणून. दिसायला तेच, ट्रिपल इक्वलला वेगळे. तुलना करण्याआधी नॉर्मलाइज मेथडला एनएफसी देऊन बोलवा, मग हे दोन एक होतात. जोडकवालं रूप मात्र वेगळंच राहतं.

लांबीचंही तसंच. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्टची लेंग्थ सांगते ७. नावाला मॅक्सलेंग्थ वीस ठेवलीत तर रोमनमध्ये लिहिणाऱ्याला ऐसपैस आणि आपल्याला खुराडं.

कंसबंद
वेलांटीताईंनी वेलांटीवर लिहिलं, सत्कार करा कुणीतरी.

अवांतर: जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नावही देवनागरीत चालतं. "चूक", "संदेश", "दोन्हीजुळतात", सगळं वैध. म्हणजे पायवाट यांचा निम्मा कोड आहे तसा चिकटवला तरी धावेल. फक्त इफ आणि रिटर्न तेवढे रोमनमध्ये टाका.

सर्व्हरवाला
कंसबंद, कृपया ही कल्पना माझ्या टीमपर्यंत पोचू देऊ नका.

वेलांटींच्या प्रतिसादाला पुरवणी. देवनागरी आकड्यांचाही विचार करा. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त रोमन शून्य ते नऊ, युनिकोडसाठीचा यू फ्लॅग लावला तरी. नंबर फंक्शनला "१२" दिलं तर नॅन, म्हणजे "ही संख्या नाही", असं मिळतं. सभासद क्रमांक कुणी मराठी आकड्यांत भरला तर त्याला एरर दाखवण्यापेक्षा तुम्हीच आकडे बदलून घ्या, एका ओळीचा रिप्लेस आहे. माणसाला शिक्षा कशाची द्यायची त्यात?

आणि हे सगळं लिहून झालं की सर्व्हरवर पुन्हा लिहा. डेव्हटूल्स उघडून फॉर्मला तपास बंद करणारं नोव्हॅलिडेट लावायला पाच सेकंदं लागतात, आणि ज्याला खोडी काढायची आहे तो ब्राउझर उघडतच नाही. ब्राउझरमधला नियम भरणाऱ्याच्या सोयीसाठी, डेटाच्या रक्षणासाठी नव्हे. मी तर म्हणतो, जे खात्रीनं चूकच आहे तेवढंच ब्राउझरमध्ये अडवा. "असं सहसा नसतं" या कारणासाठी कुणाला अडवू नका.

दोन्हीकडे नियम एकच असला तरी निकाल एकच येईल असंही नाही. टेक्स्टएरियात नवी ओळ ब्राउझर एक कॅरॅक्टर मोजतो, पण फॉर्म पाठवताना तिचे दोन होतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. पाचशेच्या मर्यादेत बसलेला मजकूर सर्व्हरवर पाचशे बारा होऊन येतो आणि भरणाऱ्याला काही केल्या कळत नाही.

अर्धविराम
म्हणूनच म्हणतो, एकच स्कीमा दोन्हीकडे.

सर्व्हरवाला
नवी ओळ स्कीमाला विचारून दुप्पट होत नाही हो.

टेस्टरीण
नावाच्या पॅटर्नबद्दल आणखी एक सापळा. एचटीएमएलचं पॅटर्न आता व्ही फ्लॅगनं वाचलं जातं, पूर्वी यू होता. व्हीमध्ये चौकटी कंसातलं हायफन एस्केप करावंच लागतं, शेवटी ठेवून भागत नाही. नाही केलं तर रेगेक्स अवैध ठरतो, आणि ब्राउझर काय करतो? तो नियमच सोडून देतो. म्हणजे सगळं पास! जुन्या फॉर्मवर मी नावात आकडे टाकले आणि ते निवांत पुढे गेले, तेव्हा हे उघडकीला आलं. पॅटर्न लिहिल्यावर चुकीची व्हॅल्यू खरंच अडते का तेही बघत चला, नुसती बरोबर व्हॅल्यू जाते का ते नको.

जुना_खांब
नावाला पॅटर्नच नको. ट्रिम करून रिकामं नाही ना, संपलं.

ईमेललाही तेच. टाइप ईमेल ठेवा. एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्याचा रेगेक्स दिलाय, आणि तो आरएफसी ५३२२ या ईमेलच्या रचनेच्या दस्तऐवजाशी जाणूनबुजून फारकत घेतो असं तिथेच लिहिलंय. ज्यांनी मानक लिहिलं त्यांनी जिथे हात टेकले, तिथे आपण तीन ओळींचा रेगेक्स कशाला शोधत बसायचं? शिवाय टाइप ईमेल असेल तर पुढच्या-मागच्या स्पेस ब्राउझरच काढतो. ॲट चिन्हापुढे टिंब नसलेला पत्ता त्यात पास होतो, होऊ द्या. पत्ता खरा आहे का हे मेल पाठवूनच कळतं.

सर्व्हरवाला
+१. आणि लांबलचक रेगेक्सचा दुसरा धोका म्हणजे बॅकट्रॅकिंग, इंजिननं मागे येऊन पुन्हा पुन्हा जुळवून बघणं. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद होतं. कारण काय, तर ओळीच्या कडेच्या स्पेस काढणारा एक साधा दिसणारा रेगेक्स. एका पोस्टमध्ये सलग सुमारे वीस हजार स्पेस होत्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. इंजिन प्रत्येक स्पेसपासून पुन्हा पुन्हा सुरुवात करत बसलं. ब्राउझरमध्ये असं झालं तर एका माणसाचा टॅब गोठतो, सर्व्हरवर झालं तर सगळ्यांचीच रांग थांबते. रेगेक्समध्ये अधिक चिन्हाच्या (एक किंवा जास्त वेळा) आत पुन्हा अधिक असलेला गट दिसला की सावध व्हा.

मौनव्रत
टेस्ट मेथड आणि जी फ्लॅग एकत्र वापरू नका.

कंसबंद
विस्तार करावा, महाराज.

मौनव्रत
लास्टइंडेक्स, म्हणजे मागचा शोध थांबला ती जागा, लक्षात राहतो. तीच व्हॅल्यू एकदा पास, एकदा नापास.

पायवाट
सगळं टिपून घेतेय. आता तारखा आणि चेक डिजिट. तारखांसाठी डेट ऑब्जेक्ट करून वजाबाकी करतेय, बरोबर आहे ना? चेक डिजिट ल्यून पद्धतीचा आहे असं कळलं.

जुना_खांब
तारखांना तुमचा नियम लागतच नाही. टाइप डेटची व्हॅल्यू नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग असते, स्क्रीनवर कशीही दिसो. येण्याची तारीख बदलली की तीच स्ट्रिंग जाण्याच्या तारखेच्या मिनमध्ये टाका. बाकी ब्राउझर बघतो. तुलना करायचीच असेल तर स्ट्रिंग्जचीच करा. डेट ऑब्जेक्ट नुसत्या तारखेची अशी स्ट्रिंग यूटीसी धरून वाचतो, त्यामुळे ग्रिनिचच्या पश्चिमेकडच्या टाइमझोनमध्ये ती आदल्या दिवसाची दिसू शकते. आणि दिवस, महिना, वर्ष वेगवेगळे घेतलेत तर त्याला ३० फेब्रुवारीही चालतो, गुपचूप मार्च करून देतो.

ल्यून: उजवीकडून सुरुवात, दर दुसरा अंक दुप्पट करा, नऊच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा, सगळ्यांची बेरीज दहानं भागली गेली पाहिजे. १२३४५६७८२ घेऊन बघा, बेरीज ४० येते. त्यात ३ आणि ४ ची अदलाबदल केली तर ३९, म्हणजे पकडलं. एक अंक चुकला तर ही पद्धत हमखास पकडते, शेजारच्या अंकांची अदलाबदल बहुतेक वेळा. शून्य आणि नऊ शेजारी असतील तर मात्र ०९ चे ९० झालेले तिला कळत नाही. आयबीएमच्या हान्स पीटर ल्यूननं १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो मुळात हातात धरायच्या यंत्रासाठी, तेव्हा अपेक्षाही बेताची ठेवा.

फील्ड टेक्स्ट टाइपचं ठेवा आणि इनपुटमोड न्यूमरिक द्या. नंबर टाइप नको, क्रमांकाशी बेरीज-वजाबाकी करायची नसते. आणि नंबरमध्ये रूपांतर केलंत की सुरुवातीची शून्यं गेली.

टेस्टरीण
नऊ शून्यं टाकली. बेरीज शून्य, दहानं भाग जातो. पास!

कंसबंद
या बाईंना कुणीतरी सुट्टी द्या.

स्पर्शक
बराच वेळ वाचतोय. मी स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर वापरतो, त्या बाजूनं थोडं.

नियम कसा लिहिलाय यापेक्षा तो कधी बोलतो याचा मला जास्त त्रास होतो. तुम्ही तपास इनपुट इव्हेंटवर हलवलात ते ठीक, पण संदेशही प्रत्येक कळीला दाखवू नका. ईमेलचं पहिलं अक्षर टाइप केलं आणि लगेच "ईमेल चुकीचा आहे", दुसरं अक्षर, पुन्हा तेच. लाइव्ह रीजनमध्ये, म्हणजे बदल होताच वाचून दाखवला जातो त्या भागात, संदेश ठेवला असेल तर मी काय टाइप केलं तेच मला ऐकू येत नाही. पहिल्यांदा फील्ड सोडल्यावर बोला. एकदा चूक दाखवली की मग मात्र प्रत्येक कळीला तपासा, म्हणजे दुरुस्त होताक्षणी संदेश जातो. रंगासाठी सीएसएसमध्ये साध्या इनव्हॅलिडऐवजी युजर-इनव्हॅलिड वापरा, २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. रिकामा फॉर्म उघडताच लालबुंद होत नाही.

ब्राउझरचा फुगा थोड्या वेळानं नाहीसा होतो. संदेश फील्डखाली कायम ठेवा, एरिया-डिस्क्राइब्डबायनं जोडा, एरिया-इनव्हॅलिड ट्रू करा, आणि सबमिटला पहिल्या चुकीच्या फील्डवर फोकस न्या. "अवैध क्रमांक" म्हणू नका. "क्रमांक नऊ अंकी हवा, आता आठ आहेत" असं म्हणा.

आणि पासवर्डमध्ये पेस्ट बंद करू नका, हात जोडतो. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही पेस्ट करू द्या असंच सांगतात, आणि एक मोठं अक्षर, एक चिन्ह असल्या अटी घालू नका असंही.

अर्धविराम
स्पर्शक, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर झॉडचीही एक खोच आहे. झॉड ३ मध्ये एखाद्या फील्डचा प्रकारच चुकला, म्हणजे संख्येच्या जागी संख्याच नसली, तर पूर्ण ऑब्जेक्टवर लावलेलं रिफाइन धावत नाही. म्हणजे पासवर्ड जुळत नाहीत हे माणसाला तेव्हा कळतं, जेव्हा ते फील्ड दुरुस्त करून झालेलं असतं. तरी मी लायब्ररीच घेईन. पण आठ फील्ड्स आणि फ्रेमवर्क नाही, तर खांबसाहेबांचं चालू द्या.

पायवाट
सगळं एकत्र करून असं लिहिलंय. नियमांचा एक ॲरे. प्रत्येक नियमात तीन गोष्टी: संदेश कुठल्या फील्डवर, कुठली फील्ड्स बदलली की तपासायचं, आणि एक फंक्शन जे संदेश किंवा रिकामी स्ट्रिंग परत देतं. एक लूप सगळे नियम जोडतो आणि जे मिळेल ते सेटकस्टमव्हॅलिडिटीला देतो. नियमाचं फंक्शन डीओएमला, म्हणजे पानावरच्या एलिमेंट्सना, हात लावत नाही, त्यामुळे टेस्टही वेगळी लिहिता येते. तारखांचा नियम उडालाच. उरले फक्त चार: पासवर्ड जुळणं, नाव नुसतं स्पेस नसणं, आणि सभासद क्रमांकाचे दोन, लांबीचा एक आणि ल्यूनचा एक.

जुना_खांब
छान. फक्त सभासद क्रमांकावर दोन नियम आहेत तिथे बघा. लांबीचा नियम संदेश ठेवेल, आणि लगेच ल्यून पास झाला तर तो रिकामी स्ट्रिंग देऊन लांबीचा संदेश पुसेल. फील्डला संदेशाची जागा एकच असते. नियम फील्डप्रमाणे गटात घ्या, जो पहिला संदेश मिळेल तोच ठेवा, कुणाचाच नसेल तर रिकामी स्ट्रिंग.

सर्व्हरवाला
क्रमांक यादीत आहे का हे सर्व्हरला विचारणार असाल तर ते या लूपमध्ये घालू नका, इथे अवेट, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबणं, चालत नाही. वेगळं करा, आणि नवी कळ दाबली की आधीची फेच, म्हणजे सर्व्हरकडे केलेली विचारणा, अबॉर्टकंट्रोलरनं रद्द करा. नाहीतर जुन्या क्रमांकाचं उत्तर उशिरा येऊन नव्यावर बसतं.

पायवाट
गट केले, चाललं. सर्व्हरला विचारणं सबमिटनंतरच ठेवतेय. टेस्टरीण, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवलीये.

टेस्टरीण
पाहिलं. नऊ शून्यं अडली, शाबास.

पासवर्ड मुद्दाम वेगळे भरले, संदेश आला. मग रीसेट दाबलं. फील्ड्स रिकामी झाली, संदेश तिथेच.

जुना_खांब
रीसेट सेटकस्टमव्हॅलिडिटीचा संदेश पुसत नाही. रीसेट इव्हेंट ऐका, पण तो व्हॅल्यू पुसण्याच्या आधी येतो. तपास लगेच केलात तर जुनीच व्हॅल्यू मिळेल. सेटटाइमआउट शून्य लावून करा.

कंसबंद
त्यापेक्षा रीसेटचं बटणच काढा की. मुद्दाम कोण दाबतं ते?

टेस्टरीण
मी.